तळ्यातला ठिपका

बोरामने ओसरीच्या भिंतीवर नकाशा टाचला, थोडी मागे सरली आणि परीक्षकांसमोर करायचे भाषण माझ्यासमोर म्हणू लागली. तिचे पहिले वाक्य संपण्यापूर्वीच माझी नजर त्या नकाशावर खिळली होती.

माझी नात बोराम विद्यापीठात स्त्री-अभ्यास शिकते. हा विषय एका कपाटात मावत नाही, असे ती म्हणते. म्हणून तिच्या प्रबंधाला परीक्षकही वेगवेगळ्या कपाटांतले, एक इतिहासाचे, एक कायद्याच्या, एक भूगोलाचे. आमच्या घराण्यात लग्न होऊन आलेल्या वृद्ध स्त्रिया हा तिचा प्रबंध. मी या घराण्याची थोरली सून आहे. माझ्या नजरेखालून गेल्याखेरीज पूर्वजांच्या श्राद्धाचे पान मांडले जात नाही. बोराम ध्वनिमुद्रणाचे यंत्र घेऊन घरोघर फिरली तेव्हा दारे उघडली ती माझ्या शब्दाखातर. नाव कुठेही येणार नाही, असे मी प्रत्येकीला सांगितले होते.

नावे खरोखरच नव्हती. नकाशावर होते ते ठिपके. प्रत्येक ठिपका म्हणजे एकेका स्त्रीचे माहेर, आणि त्याच्या शेजारी एक आकडा. पुस्तिकेच्या शेवटी तोच आकडा घालून तिचे बोलणे छापले होते.

"हे ठिपके कशाला?" मी मध्येच विचारले.

"भूगोलाच्या सरांना हवेत, आजी. सुना किती लांबून आल्या, कुठल्या नदीकाठाने आल्या, ते नकाशाशिवाय दिसत नाही. ते म्हणतात, नकाशा काढून टाकला तर प्रबंधात उरतं काय."

"आणि या बायकांना गावात काय म्हणून हाक मारतात?"

"तुम्हांला सेतनेवाली. धाकट्या आजीला दोलमे..." ती हसत सांगत होती. तिचे हसू तिथेच थांबले.

जन्मनोंदणीतले नाव आमच्याकडे सरकारी कचेरीबाहेर कुणी उच्चारत नाही. सासरी पाऊल टाकले की माहेरचे गाव हेच बाईचे नाव होते. बोराम राजधानीत, सोल शहरात वाढली. जे नाव कुणालाच ठाऊक नाही ते तिने जिवापाड लपवले, आणि जे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे ते रंगीत शाईत छापले.

"पुस्तिका कुणाकुणाला दिल्यास?"

"परीक्षकांना. आणि आज सकाळी घराण्याच्या मंडळात एक देऊन आले. रीत म्हणून."

"रीत बरी आठवली."

मंडळाचे अध्यक्ष म्हणजे माझे धाकटे दीर. दोलमेवालीचे यजमान.

दोलमेवाली, माझी धाकटी जाऊ, यंत्रासमोर बोलली तेव्हा मी शेजारीच बसले होते. तिचे बोलणे मला पाठ होते. 'मी मेले की मला यांच्या शेजारी डोंगरावर पुरू नका. जाळा आणि राख दोलमेच्या ओढ्यात सोडा. जन्मभर यांच्या पूर्वजांसाठी रांधलं. मेल्यावर तरी मला त्या पंगतीत बसवू नका.' आता हे दिरांच्या हाती होते. त्या दोघांचा संसार एका छपराखाली चाललेला. तिला जायला दुसरे छप्पर नाही, कारण तिचे माहेर केव्हाच धरणाच्या पाण्याखाली गेले आहे.

मी काठी घेतली नाही. काठी हातात असली की माणसे वाट देतात, पण चौकशीही करतात. बोराम माझ्या मागून जवळजवळ धावत होती.

जाऊ आपल्या ओसरीवर सोयाबीनच्या मोडांची मुळे खुडत होती. आतल्या खोलीचे दार सरकवलेले होते आणि दीर भिंग घेऊन पुस्तिकेवर वाकले होते. नकाशाचेच पान होते.

"या, वहिनी," ते म्हणाले. त्यांचा चेहरा खुललेला होता. "पोरीने काम नेटकं केलंय. आपण कुठकुठून सुना आणल्या ते बघा. हे तुमचं सेतने. आमच्या हिचं दोलमे तेवढं सापडेना."

"भिंग बदला, भावोजी. आणि ती पुस्तिका इकडे द्या. छपाईत चूक झाली आहे, दुसरी पाठवते."

"कसली चूक?"

घराण्यात माझ्या आज्ञेला आजवर कुणी कारण विचारले नव्हते. त्यामुळे कारण तयार ठेवण्याची मला सवयच नव्हती. ओसरीवर बोराम जावेच्या कानाशी लागून सारे सांगत होती. जावेचे हात थांबले नाहीत. मात्र मुळांऐवजी ती आता मोडच खुडून टाकत होती.

"मी ठिपका काढून टाकते, धाकट्या आजी. सगळा नकाशाच काढून टाकते. सरांनी नापास केलं तर करू देत."

"आणि माझं बोलणं?"

"तेही काढावं लागेल."

जाऊ उठली. पदराआड काही लपवावे तसे ओले हात कमरेच्या फडक्यात गुंडाळून ती खोलीच्या उंबऱ्यापाशी आली.

"तळ्यात शोधा," ती यजमानांना म्हणाली. "दोलमे तळ्यात आहे. आठ नंबर. मग मागचं आठ नंबर वाचा."

"थांब," मी म्हटले. "शब्द मी दिला होता. तो मोडायचा की नाही ते मी ठरवीन."

"शब्द तुमचा, जाऊबाई. बोलणं माझं आहे."

मला ती असे उलटून कधी बोलली नव्हती.

दिरांनी पान उलटले. वाचायला एवढा वेळ लागावा इतका तो मजकूर लांब नव्हता. मग त्यांनी पुस्तिका मिटली, खुंटीवरची टोपी घेतली आणि बाहेर पडले.

भाषणाच्या दिवसापर्यंत ते घरी एक शब्द बोलले नाहीत.

"जेवतात," जाऊ मला म्हणाली. "पण मीठ कमी आहे असंसुद्धा म्हणत नाहीत. त्याचीच भीती वाटते."

विद्यापीठाच्या सभागृहात पहिल्या रांगेतली दिरांची खुर्ची रिकामी होती. बोरामने नकाशा पडद्यावर आणला; जावेने तो काढून टाकू दिला नव्हता. भूगोलाचे प्राध्यापक पुढे झुकले.

"हा आठवा ठिपका जलाशयात पडलाय. मोजणीत चूक झाली का?"

बोरामने जावेकडे पाहिले. जावेने खाली पाहिले. मी उठणार एवढ्यात मागून, दारापाशी, खाकरण्याचा आवाज आला.

"चूक नाही," दीर म्हणाले. टोपी त्यांच्या हातात होती. "तिथे गाव होतं. माझी बायको तिथली आहे."

प्राध्यापकांनी पुस्तिका चाळली आणि मागचे पान सापडताच ते अवघडले. "मग हे आठव्या क्रमांकाचं बोलणं..."

"तेही तिचंच."

एवढे बोलून ते शेवटच्या रांगेत बसले. पहिल्या रांगेकडे आले नाहीत. माझ्या शेजारी जावेचा श्वास मला ऐकू येत होता.

परीक्षकांनी प्रबंध मान्य केला. नकाशावरचे आकडे मात्र काढून टाका, असे कायद्याच्या बाईंनी बजावले. ते त्यांनी आधी बजावायला हवे होते, हे मी त्यांना तिथेच सांगितले. बाहेर बोळात दिरांनी बोरामला गाठले.

"माझं एक वाक्य घालशील त्यात?"

"हा बायकांचा अभ्यास आहे, धाकटे आजोबा."

"म्हणूनच विचारतोय. लिही, की नवऱ्याला कुणी विचारलं नव्हतं."

"विचारलं असतं तर काय म्हणाला असता?" जाऊ त्यांच्या पाठीशी उभी होती.

त्यांनी टोपी हातात फिरवली. "ठाऊक नाही." मग बोरामकडे वळून म्हणाले, "वाटेत तळं लागतं. तिथे गाडी थांबव."

तळ्याच्या बांधावर दीर उतरून चालू लागले. जावेने माझी बाही घट्ट धरली होती.

"जाऊबाई, तुम्हीही चला."

"मला कुणी बोलावलेलं नाही," मी म्हटले आणि तिची बोटे सोडवली. "जा."

ती गेली. प्रथम त्यांच्या मागून, मग थोडी भरभर. पाण्याशी दोघे थांबली. दिरांनी हात लांब करून कुठेतरी दाखवले. तिने मान हलवली आणि त्यांचा हात धरून जरा डावीकडे वळवला. मी गाडीची काच खाली केली, पण वारा उलट्या दिशेने वाहत होता आणि त्यांचे बोलणे आमच्यापर्यंत पोहोचत नव्हते.