रंगांच्या जागा

“आईला आता काय कळतंय? रविवारी तिच्यासमोर खोली रिकामी केली, तरी तिला पत्ता लागायचा नाही.”

हे वाक्य आज सकाळी बेसिनमागच्या भिंतीपलीकडून आलं. ते माझ्यासाठी नव्हतं. मला हातात धरून जी उभी होती, तिच्यासाठी तर मुळीच नव्हतं. पुढचं नीट ऐकू यावं म्हणून तिने नळ बंद केला. मला तेवढेही कष्ट पडत नाहीत. माझं झाकण बंद असलं की लोकांना वाटतं आत कुणी नाही, आणि ते मोकळेपणी बोलतात.

मी रंगपेटी बोलतेय. जलरंगांची, पत्र्याची, बाहेरून काळी आणि आतून पांढरी. कारखान्यात यंत्राने माझ्यावर एकदाच जोरात दाब दिला आणि मला बारा घरं पडली, जन्माची आठवण म्हणाल तर एवढीच. वरच्या ओळीत सहा, खालच्या ओळीत सहा. प्रत्येक घरात रंगाची एक वडी.

माझा पहिला मालक नकाशे रंगवणारा कारकून होता. नद्या निळ्या, जंगलं हिरवी, रस्ते लाल. बाकीच्या नऊ वड्यांना त्याने कधी पाणी दाखवलं नाही. गुलाबी वडी तर वाट बघून बघून तडकली. पुढे नकाशे रंगीत छापून यायला लागले, त्याचं टेबल गेलं आणि त्याने मला रबरबँड लावून भाचीला देऊन टाकलं. ती भाची म्हणजे बाई. शाळेत चित्रकला शिकवायच्या म्हणून सगळे त्यांना बाई म्हणायचे. मीही तेच म्हणते.

बाईंकडे मी एकतीस वर्षं आहे. त्यांचा रोजचा नेम कधी चुकला नाही. सकाळी चहाचा कप धुऊन झाला की त्या मागच्या खोलीत यायच्या, उत्तरेच्या खिडकीपाशी. आधी पेन्सिल. समोर जे असेल ते काढायचं: किल्ल्या, अर्धा कांदा, मुलाचा चुरगळलेला मोजा. त्यात अर्धा तास. मग माझं झाकण उघडायचं आणि हाताच्या पंजाएवढ्या कागदावर एकच जलरंगातलं चित्र. चांगलं झालं तर भिंतीवर, वाईट झालं तर टेबलाच्या खालच्या खणात. त्या खणाला त्या ‘नापासांचा खण’ म्हणायच्या. दुपारी तो खण उघडायचा, नापास चित्रं कात्रीने कापायची, खळ लावून तुकडे एकमेकांशेजारी चिकटवायचे. एका फसलेल्या आभाळाची बादली व्हायची, बिघडलेल्या गालाचा पेरू व्हायचा. “नापास कुणी नसतं, चुकीच्या वर्गात बसलेलं असतं,” असं त्या म्हणायच्या. वरच्या वर्गात ढकललेल्या मुलांना मात्र त्यांनी शाळेत कधी माफ केलं नाही, हे मला माहीत आहे.

यजमान गेले त्या दिवशीही त्या खोलीत आल्या होत्या. बाईंनी कोपऱ्यातल्या छत्रीचं चित्र काढलं होतं. लोकांनी नावं ठेवली.

रंगांच्या जागा ठरलेल्या होत्या. वर तिसरं घर नारिंगीचं, चौथं लालचं, सहावं तपकिरीचं. खाली पहिलं आकाशीचं, शेवटचं काळ्याचं. वडी संपली की त्याच घरात तीच नवी वडी. “रंग शोधत बसलं की चित्र पळून जातं,” असं त्या मुलांना सांगायच्या.

दोन वर्षांपूर्वी बाईंची बोटं माझ्या अंगावर चालायला लागली. आधी त्या नुसता ब्रश पुढे करायच्या. आता डावा अंगठा माझ्या कोपऱ्यावर ठेवायचा, तर्जनीने घरं मोजायची, मग ब्रश. एक, दोन, तीन: नारिंगी. चिकटवताना कागदाची कड नखाने चाचपायची. भिंतीवर चित्र लावताना मान वाकडी करून कडेने बघायचं. मी पत्र्याची असले तरी मला कळलं. घरातल्या कुणाला कळलं नाही. मुलगा सकाळी आठला बाहेर पडतो. मुलगी, जिला सगळे ताई म्हणतात, लग्न करून दोन गल्ल्या पलीकडे राहते आणि औषधांच्या दुकानात काम करते. ती आली की आईला विचारते, “जेवलीस का?” आणि उत्तर यायच्या आत फ्रिज उघडते.

दोन महिन्यांपूर्वी मुलाचं लग्न झालं आणि घरात सून आली. येणारा-जाणारा प्रत्येकजण “नवी कुठाय?” असं विचारायचा, म्हणून मी तिला नवी म्हणते. नवी बोलत कमी. जेवताना कोण कुणाकडे न बघता मीठ मागतो, एवढंसुद्धा तिच्या लक्षात यायचं. सासूच्या खोलीत ती दाराशी उभी राहायची. एकदा बाई म्हणाल्या, “आत ये. दार काही पडत नाहीये, धरून ठेवायला.” त्या दिवसापासून ती स्टुलावर बसायला लागली.

मग ताईने तिला कामाला लावलं. “रविवारी सगळे येणारेत. त्या खोलीत जरा हात फिरव गं. आईला घाणीचं काही वाटत नाही, पण लोकांना वाटतं.”

नवीने मन लावून हात फिरवला. ब्रश धुतले, बरण्या घासल्या आणि मला बेसिनवर नेलं. माझ्या बाराही वड्या काढल्या, एकतीस वर्षांचा मळ खरवडला. आणि मग वड्या परत लावल्या. फिकटाकडून गडदाकडे, दुकानात असतात तशा. वर दोन पिवळे, पोपटी, आकाशी, नारिंगी, गुलाबी. खाली लाल, हिरवा, निळा, जांभळा, तपकिरी, काळा. दिसत मी फार सुंदर होते. मला तोंड असतं तर त्या दिवशी मी पहिल्यांदा वापरलं असतं.

रविवारी ताई, तिचा नवरा, दोन मावश्या असे सगळे आले. घरात आलेल्या प्रत्येक माणसाचं बाई एकदा चित्र काढायच्या. जावयाचं झालं होतं, आता सुनेची पाळी. नवी खिडकीपाशी बसली. चेहऱ्याची रेघ बाईंनी कडेने बघत, सावकाश, अचूक ओढली. मग अंगठा माझ्या कोपऱ्यावर. एक, दोन, तीन.

त्वचेसाठी नारिंगी. ब्रशला पोपटी लागला. ओठांसाठी लाल, चौथं घर. ब्रशला आकाशी लागला. मागे आभाळ हवं म्हणून खालचं पहिलं घर, तिथे आता लाल होता. केस तेवढे काळे आले, कारण काळ्याची जागा बदलली नव्हती.

बाईंनी कागद उचलून सगळ्यांसमोर धरला. “गालावरची सावली जमलीये ना? मला वाटतं जमलीये.”

लाल आभाळाखाली नवीचा हिरवा चेहरा, निळे ओठ. एका मावशीला खोकला आला. मुलगा म्हणाला, “छान आहे, आई.” परत जाताना ताई बोळात नवऱ्याला म्हणाली, “सुनेबद्दल पोटात काय आहे ते आलं बाहेर. नाहीतर डोकं तरी गेलंय.”

नवी मात्र माझ्याकडे बघत होती. माझ्याकडे, मग चित्राकडे, मग बाईंच्या अंगठ्याकडे.

सगळे गेल्यावर ती आत आली. “आई, रंग मी हलवले. मला माहीत नव्हतं तुम्ही जागेवरून... तुम्हाला दिसत नाही का?”

बाई टेबलावरची खळ नखाने काढायला लागल्या. “कसं झालंय ते?”

“हिरवं.”

“सगळं?”

“चेहरा. ओठ निळे आहेत.”

“बुडालेल्या माणसासारखी केली मी तुला,” बाई म्हणाल्या. मग त्यांनी सांगितलं. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे त्या एकट्याच जाऊन आल्या होत्या. नजरेचा मधला भाग गेला होता, ओल्या चित्रावर मधोमध कुणी बोट फिरवावं तसा. कडा राहणार होत्या. रंग तर जवळजवळ कळतच नव्हते. चष्म्याने काही होणार नव्हतं.

“सांगायला हवं सगळ्यांना,” नवी म्हणाली.

“अजिबात नाही. आंधळ्या बाईला लोक खुर्चीत बसवतात, गाणी लावून देतात आणि दर तासाला पाणी विचारतात. ब्रश हातात देत नाहीत. वेडी समजतायत ना, समजू देत. वेड्या माणसाच्या वाटेला कुणी जात नाही. माझ्या गळ्याची शपथ आहे तुला.”

नवीने माझ्या वड्या होत्या तशा परत लावल्या. दुसऱ्या दिवशी बाईंनी पेरू काढला आणि तो पेरवाच्याच रंगाचा झाला. मला वाटलं, निभावलं.

पण बाईंचा हिशेब चुकला. वेड्या माणसाच्या वाटेला घरचे जातात.

ताई तीन दिवसांनी तिच्या ओळखीच्या डॉक्टरांना घेऊन आली. ते घाईत होते. त्यांनी वार विचारला, बाईंनी बरोबर सांगितला. मग ताईने पिशवीतून तो हिरव्या चेहऱ्याचा कागद काढला आणि डॉक्टरांनी तो बाईंसमोर धरला. “हे कुणाचं चित्र आहे सांगा बघू.”

बाईंनी मान वाकडी केली. कागद बरोबर त्यांच्या नजरेतल्या पुसलेल्या जागेत होता. त्या हसल्या आणि अंदाजाने म्हणाल्या, “झाड असेल. खिडकीबाहेरचं.”

डॉक्टरांनी लिहून घेतलं. नवी दारात होती. तिने तोंड उघडलं, बाईंनी तिच्या दिशेला हात हलवून नको म्हटलं, आणि तिने तोंड मिटलं. त्या मिटलेल्या तोंडाचा मला आजही राग आहे. पण मी कोण बोलणार, माझं तर नुसतं बिजागरीचं झाकण.

शांत राहायच्या गोळ्या सुरू झाल्या. सकाळी एक, रात्री दोन. देणार ताई, ती चुकायची नाही. येऊन स्वतः जीभ वर करायला लावून बघायची. पहिल्या आठवड्यात बाई उशिरा यायला लागल्या. दुसऱ्या आठवड्यात ब्रश हातातच वाळायचा. अंगठा माझ्या कोपऱ्यावर यायचा, तर्जनी निघायची, एक, दोन, आणि तिथेच थांबायची. पुढे काय येतं ते त्यांना आठवायचं नाही. एकदा त्या माझ्या दुसऱ्या घरावर बोट ठेवून तशाच झोपल्या. नापासांच्या खणात काही पडेना. नापास व्हायलासुद्धा परीक्षेला बसावं लागतं.

आज सकाळी बाई आल्याच नाहीत. एकतीस वर्षांत पहिल्यांदा माझं झाकण बंद राहिलं. दहा वाजता नवी आली, तिने खोलीत इकडेतिकडे बघितलं आणि मला उचलून बेसिनवर नेलं. वड्या सुकून तडकू नयेत म्हणून ती माझ्यावर पाणी शिंपडत होती, तेव्हाच पलीकडून ताईचं ते वाक्य आलं, जे मी सुरुवातीला सांगितलं.

मुलगा आज घरीच होता. तो म्हणाला, “भिंतीवरची चित्रं ठेवू या की.”

“दहा-बारा ठेव. बाकी सगळी रद्दी आहे. खणात नुसते तुकडे आहेत रे, कापलेले. त्या पेटीसकट सगळं जाऊ दे. तुलाही घरून काम करायला खोली होईल. नवीला सांग, हळूहळू भरायला घे म्हणावं. ती काही बोलायची नाही.”

नवीने मला पुसलं नाही. मला ओलीच हातात घेतलं आणि ती बोळातून निघाली, माझ्यातून तिच्या मनगटावर निळं पाणी ओघळत होतं. वाटेत ती बाईंच्या खोलीशी थांबली. बाई पलंगावर भिंतीला टेकून बसल्या होत्या, तोंड अर्धवट उघडं. नवी वाकून त्यांच्या कानाशी म्हणाली, “आई, शपथ मोडतेय.” बाईंना ऐकू गेलं की नाही, मला कळलं नाही. त्यांचा हात चादरीवर पडला होता. अंगठा चादरीच्या शिवणीवर होता आणि तर्जनी हलत होती.

आत्ता मी जेवणाच्या टेबलावर आहे, ताईच्या चहाच्या कपाशेजारी. माझं झाकण उघडं आहे. मला माणसांकडे फार मागायचं नाही. पत्र्याला गंज चढायचा तेव्हा चढेल, मला रद्दीतही टाका. पण जो हात अजून मोजतो आहे, त्याला आधी मोजू द्या, एवढंच. हे मला सांगता येत नाही, म्हणून मी नवीकडे बघत आहे. ताई विचारते, “काय गं, हे इथे का आणलंस? टेबल ओलं होतंय.”

नवीचा आवाज या घरात इतका मोठा कधीच ऐकला नव्हता, आणि तरीही तो लहानच होता.

“टेबल मी पुसेन, ताई. आईंना वेड लागलेलं नाही. त्यांना दिसत नाही, दोन वर्षं झाली, आणि तो हिरवा चेहरा माझ्यामुळे झाला, रंगांच्या जागा मी बदलल्या होत्या. डॉक्टर आले तेव्हा मी दारात होते आणि गप्प बसले. त्या डॉक्टरांना आजच्या आज परत बोलवा, गोळ्या कशा थांबवायच्या ते त्यांना विचारा, आणि विचारताना मी समोर असेन. खोली कुणी भरायची नाही. उद्या सकाळी आईंना मी तिथे नेऊन बसवणार आहे. दुपारपर्यंत त्या झोपल्या तर झोपल्या.”