चार ओंजळी खडेमीठ

मी मिठाचा खडा बोलतोय. अंगानं ओबडधोबड आहे, बोलण्यानंही. राग मानू नका; आणि मानलात तरी माझं काही अडत नाही. अडेल ते तुमचंच.

माझा जन्म पेणकडच्या मिठागरातला. समुद्राचं पाणी वाफ्यात कोंडलं, उन्हानं ते पिऊन टाकलं आणि मागे उरलो तो मी. गोणीत बसून नगर, नगरहून ट्रकनं पाथर्डी आणि तिथल्या बाजारातून राहीबाईच्या डोक्यावरच्या पाटीत बसून तिच्या वस्तीवर. तिनं मला मातीच्या मडक्यात भरलं आणि चुलीच्या उबेला ठेवलं. पत्र्याच्या डब्यात ठेवलं असतं तर मी डबा खाल्ला असता.

हे तिला सासूनं शिकवलं, साळूबाईनं. वस्तीतल्या म्हाताऱ्यांपैकी जिच्याकडून काही शिकावं अशी तेवढी एकच. बाकीचे नुसते वयानं मोठे.

आमच्या खानदानात सगळे सारखे नाहीत. शेंदेलोण जमिनीतून निघतं, गुलाबी गोरं. ते कुटून उपासाच्या भगरीत घालतात. पादेलोणाला कुजक्या अंड्याचा वास येतो, म्हणून त्याला कोनाड्यात ढकलतात. पण पोट फुगलं की चिमूटभर ताकातून त्यालाच शोधतात. मी लोणच्याचा, खर्ड्याचा, डाळीचा. लोणच्यात घालायच्या आधी मला तव्यावर कोरडं भाजा, नाहीतर बुरशी येईल. आणि डाळ मऊ होईपर्यंत मला लांब ठेवा. आधी घातलंत तर ती ताठ बसते, गावच्या पंचासारखी.

बारीक मिठाची आणि माझी ओळख यंदाच्या, त्र्याहत्तर सालच्या माघात झाली. मशीनवर दळलेलं, पुड्यातलं, पांढरंशुभ्र. कोशिंबिरीवर भुरभुरायला फार गुणी. पुढे जे झालं त्यात त्याचा दोष नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

हे वर्ष दुष्काळाचं. अर्धी वस्ती कोयते घेऊन कारखान्याला गेली होती, राहीबाईचा नवराही त्यातच. उरलेले सडकेवर खडी फोडत होते. पाणी टँकरचं, दोन दिवसाआड. तरी वस्तीच्या देवाच्या, नाथाच्या ठाण्यावरचा भंडारा मोडायचा नाही असं ठरलं. नैवेद्याला आणि पंगतीला एकच, आमटी-भाकरी.

वीस वर्षं ती आमटी साळूबाई करायची. आता तिच्या डोळ्यांत फूल पडलं होतं. तिनं सुनेला पुढं केलं आणि ठाण्याचा कारभार बघणारा सूर्यभानतात्या, राहीबाईचा चुलतसासरा, ताडकन उठला.

"वयनी, रिकाम्या कुशीची बाई नैवेद्य करनार व्हय?"

लग्नाला नऊ वर्षं झाली होती, मूल नव्हतं. तेवढ्यावरून तिला हळदीकुंकवाला कडेला बसवायचे. तिला काय येतं, कसं येतं, हे कुणी विचारायचं नाही.

"देवाला आमटी लागती, तात्या," साळूबाई म्हणाली. "लेकरू न्हाई."

तात्या गुरगुरला. "एक डाव बघू. चुकली, तर परत देवाच्या चुलीला हात लावायचा न्हाई."

आता एक रीत सांगतो. नैवेद्य दाखवायच्या आधी आमटी चाखायची नाही. चाखली की उष्टी. म्हणून मीठ जिभेनं नाही, हातानं मोजायचं. साळूबाईचं माप ठरलेलं: मोठ्या पातेल्याला शीग लावून चार ओंजळी खडेमीठ. राहीबाईनं ते महिनाभर पाठ केलं होतं. मडक्यात हात घालून माझ्या ओंजळी भरायची, परत ओतायची. आपल्या घरात कुणी आपल्याला इतक्या प्रेमानं हाताळतं का, विचारून बघा.

भंडाऱ्याच्या सकाळी ती मला घेऊन ठाण्यावर आली. पहिल्या पंगतीची डाळ उकळत होती. दुसऱ्या पंगतीची बाजूच्या पातेल्यात शिजवून आळणीच ठेवली होती. तात्या नगरहून आणलेले पुडे फोडत बसला होता.

"ते काळपट मीठ ठेव तिकडं. देवाला पांढरं घाल."

तिनं बारीक मीठ ओंजळीत घेतलं आणि थबकली. "तात्या, ह्ये जड लागतंय हाताला. तीन घालू का?"

"वीस वर्सं चार घातल्यात. देवाच्या मापात काटकसर करती का?"

"पर ह्ये बारीक हाय..."

"मीठ त्ये मीठ! चार म्हंजी चार."

कडेला पडलेल्या मला ओरडावंसं वाटत होतं. तिनं मान खाली घातली आणि चार ओंजळी ओतल्या.

नैवेद्य दाखवला. नाथ काही बोलले नाहीत. मग पुरुषांची पहिली पंगत बसली. तात्यानं भाकरी कुस्करली, आमटी ओतली, पहिला घास घेतला आणि तोंड कडू झाल्यासारखं थुंकला.

"खारट इख! म्हनलं हुतं न्हवं मी? असल्या हाताला बरकत नसती! ऊठ चुलीपासनं!"

पंगतीतले सगळे खाली बघून भाकरी कुस्करायला लागले. मिशा तेवढ्या सगळ्यांच्या मोठ्या. पाणी वाढवून आमटी पातळ करावी, तर प्यायलाच दोन हंडे होते.

राहीबाई उठली. मला वाटलं, घरी जाईल. ती माझ्याकडे आली. एक वाटी माझ्यानं शिगोशीग भरून तिनं सगळ्यांना दाखवली, मग पाट्यावर ओतली आणि वरवंटा फिरवला. दुखलं. पण असल्या कामाला चुरा व्हायला माझी ना नव्हती. तो चुरा तिनं परत त्याच वाटीत भरला.

वाटी भरेना. वर दोन बोटं रिकामी राहिली.

"बघा," ती म्हणाली. तिनं वाटी तात्यापुढं धरली. "खड्याखड्यांच्या मधी पोकळी असती, ह्याच्यात न्हाई. चार ओंजळी ह्या मिठाच्या म्हंजी खड्याच्या सहा झाल्या. मी तीन म्हनले हुते. तुमी चार घालाया लावल्या. मूल न्हाई म्हनून काय हाताला माप बी न्हाई का, तात्या?"

साळूबाईनं चाचपडत बारीक मीठ बोटांत चोळलं. "ह्ये कुनी आनलं?"

"मी," तात्या म्हणाला. ते एवढं हळू, की पलीकडच्या पानावर ऐकू गेलं नाही.

"मंग वरडतोस कुनावर?"

राहीबाईनं खारट आमटी आणि आळणी डाळ दोन्ही पातेल्यांत निम्मी-निम्मी करून मिसळली. नैवेद्य झाला होता, आता चाखायला मोकळीक होती. चाखली. दोन पातेल्यांना सहाचं मीठ पुरेना, तेव्हा दोन ओंजळी माझ्या घातल्या. वरून भाजून कुटलेला येसर मसाला भुरभुरला, लसणाची चरचरीत फोडणी दिली. वाढायला निघाली, तर सगळ्यांच्या माना पानात.

तात्यानं तीन भाकरी खाल्ल्या. माफी मागायची त्याच्या पिढीला सवय नाही. उठताना तो आभाळाकडे बघत म्हणाला,

"पुढल्या साली मीठ तूच आन, राही. तुझ्या पसंतीचं."

ती पदराआड तोंड लपवून हसली, ते मी पाहिलं. नऊ वर्षांत वस्तीवर तिला असं हसताना कुणी पाहिलं नसेल.

मी आता त्या वाटीतला उरलेला चुरा आहे. उद्या सकाळी ती मला मिरची-लसणाच्या खर्ड्यात घालणार आहे, खडी फोडायला जाताना फडक्यात बांधायला. तिथून पुढं मी नाही. वाईट वाटून घेऊ नका. आमचं जगणं विरघळण्यातच असतं.

जाता जाता एकच मागतो. तुमच्या घरात कुणाच्या हातून आमटी खारट झाली, तर ओरडायच्या आधी एवढं विचारा, की मीठ कुणी आणलं होतं आणि शेजारी उभं राहून ते किती घालायला कुणी लावलं.