तरुण पाय

"चार," सचिव पेनाच्या टोकाने डोकी मोजत म्हणाले. मग पेन दाराजवळच्या खुर्चीकडे वळलं. "आणि ही पाच. भरली गणपूर्ती."

ही म्हणजे युवा प्रतिनिधी. वय एकवीस, रुग्णालयाच्या धुलाईखोलीत चादरींना इस्त्री करणारी. परिवहन समितीत तरुणांचा आवाज हवा म्हणून दोन वर्षांपूर्वी तिला घेतलं होतं, हातात फुलं देऊन फोटोही काढला होता. तिला मत नव्हतं. बोलायची पाळी शेवटी यायची, चहा आल्यावर. पण पाच जणांशिवाय सभा भरत नसे, आणि त्या मोजणीत मात्र ती धरली जायची.

पहिल्याच वर्षी समितीने रात्रीची शेवटची बस बंद करायला घेतली. तेव्हा ती उभी राहून म्हणाली होती, "उशिराच्या ड्यूटीच्या बायका घरी कशा जाणार?"

अध्यक्षांनी बिस्किट चहात बुडवलं. "तरुण पाय आहेत तुमचे. चाला की थोडं."

सगळे खो खो हसले. पुढे दोनच महिन्यांत तिच्या ताईला, त्याच धुलाईखोलीतून चालत घरी येताना, ट्रकने उडवलं. ताई वाचली, कंबर काही सांधली नाही. त्यानंतरही हिने एक सभा चुकवली नाही. पोरगी समजूतदार आहे, असं सगळ्यांचं मत पडलं.

आजची सभा अध्यक्षांच्या कारकिर्दीतली अखेरची. विषय एकच: नव्या बसस्थानकाला त्यांच्या वडिलांचं नाव. पाटी आधीच तयार होऊन भिंतीशी उभी होती, पिवळ्या कापडाखाली. अध्यक्षांचा मुलगा कॅमेरा घेऊन बसला होता. दोन सदस्य आले नव्हते. एकाचा गुडघा दुखत होता, एकाकडे जावई आला होता.

ती पिशवी घेऊन उठली.

"कुठे निघालीस, बाळ?"

"ड्यूटी आहे, साहेब. माझा विषय शेवटी येतो, तोवर थांबता नाही येणार."

सचिवांनी अध्यक्षांना टेबलाखालून चार बोटं दाखवली.

"अगं, मग तुझा आधी घेऊ. काय आहे?"

"शेवटची बस."

"अजून तेच धरून बसलीयस?"

"हो."

"देऊन टाका हो," एक सदस्य घड्याळ बघत म्हणाला. "एका बसने काय भिकेला लागणार आहोत?"

दोन वर्षं अडलेली गोष्ट चहा यायच्या आत मंजूर झाली. सोमवारपासून बस सुरू. तिने ठराव मोठ्याने वाचून घेतला, त्यावर सही होऊ दिली आणि मगच ती बसली.

"बघा," अध्यक्ष खुशीत म्हणाले, "तरुणांचं ऐकलं की नाही? सचिव, हेही लिहा."

मग ते उभे राहिले. वडिलांबद्दल बोलताना त्यांना चष्मा पुसावा लागला. त्यांनी पाटीवरचं कापड ओढलं. पितळी अक्षरं चकाकली.

"तर मग, ठराव मताला..."

ती उठली. पिशवी खांद्याला लावली. सचिवांचं पेन हवेतच थांबलं.

"आता कुठे? दिली ना तुझी बस!"

"तरुण पाय आहेत, साहेब," ती म्हणाली. "चालते थोडं."

"अगं, दोन मिनिटं! हात वर करायचेत नुसते! अगं ए पोरी!"

खुर्च्या सरकल्या. "गणपूर्ती गेली, साहेब," सचिव पुटपुटले. जिना ती सावकाश उतरली; मागून येणारी एकही हाक तिला चुकवायची नव्हती.

घरी ताई खिडकीशी पडून होती.

"बस सुरू होतेय, ताई. सोमवारपासून."

"मला आता कुठे जायचंय?" ताई म्हणाली. मग तिने मान वळवली. "तू उठलीस तेव्हा त्या अध्यक्षाचं तोंड कसं झालं होतं गं?"

हिने टॉवेल उचलला, पाटीवरच्या कापडासारखा छातीशी धरला, गाल ओघळवले आणि आ वासला. ताई कंबर दाबून हसली.

"पुन्हा कर."

हिने पुन्हा केलं.

सोमवारी रात्री बस खिडकीखालच्या थांब्यावर थांबली. धुलाईखोलीतल्या दोघी उतरल्या, बोलत बोलत गल्लीत गेल्या. ताईचा हात आपोआप पायांशी ठेवलेल्या आपल्या जुन्या ड्यूटीच्या पिशवीकडे गेला आणि अर्ध्यातून मागे आला. बसचं दार बंद झालं. बस गेली.

"ए," ताई खिडकीबाहेर बघतच म्हणाली, "ते तोंड कर ना."