वर्गणीचा अर्थ

आमच्या श्रीकांतभाऊला पेन्सिलीनं अर्थ लिहायची खोड आहे. इंग्रजीतला कुठलाही कागद हाती आला, विम्याचं पत्रक असो की औषधाच्या डब्यातली घडी, की हा ब्लेडनं पेन्सिल तासणार आणि प्रत्येक अवघड शब्दाच्या डोक्यावर बारीक अक्षरात मराठी अर्थ लिहिणार. पांढुर्ण्याच्या सरकारी शाळेतून हेडमास्तर म्हणून रिटायर होऊन दहा वर्षं झाली, तरी शर्टाच्या खिशात पेन्सिल असतेच. खोटं कशाला बोलू, मी याच खोडीवर शिकले. माझी नर्सिंगची पुस्तकं इंग्रजीत होती आणि पहिल्या वर्षी भाऊनं पानापानावर अर्थ लिहून दिले होते. ते नसते तर मी नागपूरहूनच परत आले असते, इंग्लंडचं तर नावच नको.

इंग्लंडात मी लेस्टर गावी तीन वर्षं होते, म्हाताऱ्यांच्या नर्सिंग होममध्ये. लग्न त्याआधीच राहून गेलं होतं, त्यामुळे मागे ओढणारं कोणी नव्हतं, आणि मी दहा-बारा वर्षं काढायच्या तयारीनं गेले होते. मग २००५ साली आईला लकवा झाला आणि भाऊचा फोन आला. तू नर्स हायेस, तुझ्यासारखं कोणाले जमणार नाही, म्हणाला. वत्सलावहिनीची कंबर दुखत होती. ती आईच्या लकव्याच्या आधीपासून दुखत होती आणि आई गेल्यावर तेराव्याला थांबली.

आई सात वर्षं जगली. भाऊच्या घरच्या मागच्या खोलीत मी तिला उठवलं, बसवलं, धुतलं, भरवलं. पाठीला एक जखम होऊ दिली नाही, हे मी आजही कोणासमोरही सांगेन. ती गेली तेव्हा मी बावन्न ओलांडली होती आणि इंग्लंडचा रस्ता बंद झाला होता. सौसरला दोन खोल्या भाड्यानं घेतल्या आणि तिथल्या एका डॉक्टरांच्या दवाखान्यात गुडघे साथ देईपर्यंत नोकरी केली. खाजगी दवाखान्यात पेन्शन नसते, दिवाळीला मिठाईचा डबा असतो.

मग दोन वर्षांपूर्वी लेस्टरला माझ्याबरोबर काम केलेल्या एका केरळच्या बाईचा फोन आला. ती म्हणाली, तुझी ती तीन वर्षं वाया गेलेली नाहीत. इंग्लंडच्या सरकारी पेन्शनीला निदान दहा वर्षं भरलेली लागतात. मधली रिकामी वर्षं आपल्याला इथून, भारतातून, पैसे भरून भरता येतात. जुनी वर्षं मात्र २०२५ च्या पाच एप्रिलपर्यंतच, त्यानंतर फक्त मागची सहा.

मी अर्ज केला. गेल्या फेब्रुवारीत पत्र आलं. सात वर्षांचे मिळून एक लाख चाळीस हजाराच्या आसपास भरायचे, आणि सहासष्ट पूर्ण झाली की महिन्याला साधारण तीस हजार, मरेपर्यंत. कोणती वर्षं भरायची ते मला निवडायचं होतं. मी २००६ पासूनची सात निवडली. आईची सात वर्षं. ती मी विकत घेऊन परत मिळवणार होते, आणि ते पत्र हातात धरून मी खूप रडले, आनंदानं.

पण त्याच महिन्यात डॉक्टरांनी माझ्या गुडघ्यांपुढे हात टेकले. दोन्ही बदलायचे, नागपूरला, वीस मार्चची तारीख. सौसरच्या शाखेतून परदेशी पैसे जात नव्हते, ते काम पांढुर्ण्याला व्हायचं. म्हणून मी सगळं भाऊच्या हवाली केलं. पत्र दिलं, बँकेचे फॉर्म सही करून दिले आणि एक चेक दिला. चेकवर रक्कम लिहिली, सही केली, नाव कोरं ठेवलं. कोणाच्या नावानं काढायचा ते बँकेत विचारून लिही, म्हटलं.

इंग्रजीत या पैशाला व्हॉलंटरी कॉन्ट्रिब्युशन म्हणतात. भाऊला समजावताना मला जो मराठी शब्द सुचला तो वर्गणी. आपल्याकडे दुसरं म्हणतात तरी काय? स्वतःहून भरायची वर्गणी आहे, पाच तारखेच्या आत भर, असं मी दोनदा सांगितलं.

आता वर्गणी या शब्दाची भाऊच्या घरी एक वेगळी कथा आहे. तो आमच्या समाजभवनाच्या समितीचा सचिव. चार वर्षांपासून भवनाचा स्लॅब रखडला होता आणि हा पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरत होता. मी पाचशे दिले होते, तेव्हा वहिनीसमोर मला म्हणाला होता की इंग्लंड रिटर्न बाई अन् पाचशे रुपये. मी हसण्यावारी नेलं.

ऑपरेशननंतर गुंगीतच मी नागपूरहून फोन केला. भाऊ, वर्गणी भरली का? भरली, म्हणाला, पावतीबी घेतली, तू आराम कर. मी आराम केला. इतका निवांत आराम मी जन्मात केला नव्हता.

जूनपर्यंत इंग्लंडहून पोच आली नाही, तेव्हा मी भाऊला पावती घेऊन बोलावलं. तो सौसरला आला, चहा घेतला आणि खिशातून पिवळी पावती काढून टेबलावर ठेवली. समाजभवनाची. माझ्या नावानं: विजया डोंगरे यांजकडून सप्रेम, एक लाख चाळीस हजार एक.

"वरचा एक रुपया मी टाकला," भाऊ म्हणाला. "शून्यावर देणगी चांगली दिसत नाही."

मी बराच वेळ त्या एका रुपयाकडेच बघत राहिले. मग विचारलं, अन् माझी पेन्शन? भाऊचा चेहरा असा झाला की मलाच वाईट वाटलं. तूच तर वर्गणी म्हणली, तो म्हणाला, मले वाटलं ऑपरेशनच्या आधी तुझ्या मनात आलं, देवाधर्माचं. पैसे परत मागता येतील का, मी विचारलं. भवनाचा स्लॅब टाकून झाला होता.

पत्र भाऊकडेच होतं. वहिनींनी फोनवर पत्रावरचा नंबर वाचून दाखवला आणि मी इंग्लंडला फोन लावला. तिकडची मुलगी फार गोड बोलली. जुनी वर्षं आता बंद झाली, मॅडम, पण मागची सहा तुम्ही अजून भरू शकता. सहा आणि तुमची तीन, नऊ होतात. नवाला किती मिळतं, मी विचारलं. काही नाही, मॅडम, ती म्हणाली. चालू वर्षही धरता येणार नव्हतं, कारण त्याच वर्षात माझी सहासष्ट पूर्ण होत होती.

नऊ. आईचं एक, फक्त एक वर्ष जरी भरलं गेलं असतं तरी चाललं असतं.

सगळा पावसाळा मी स्वतःच्या जिभेला शिव्या देत काढला. हप्ता म्हणायचं होतं, भरणा म्हणायचं होतं, काहीही म्हणायचं होतं. तीन वर्षं इंग्लंडात राहिलेली बाई, आणि एका शब्दात चुकली. भाऊवर रागावले नाही. उलट त्याच्या मनाला लागू नये म्हणून फोनवर हसून बोलत राहिले, हे आठवलं की आता माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

दसऱ्याला समाजभवनाचं उद्घाटन होतं. मी काठी टेकत बसनं पांढुर्ण्याला गेले. भाऊ सकाळपासून मंडपात होता. वहिनी साडी नेसत होत्या. मी त्यांना म्हटलं, माझं ते इंग्लंडचं पत्र द्या, आता इथं ठेवून काय करायचं? त्यांनी कपाटातून फाईल काढून दिली आणि परत निऱ्या करायला लागल्या.

पत्रावर पेन्सिलीनं अर्थ लिहिले होते.

बारीक, स्वच्छ, शाळेतलं अक्षर. स्टेट पेन्शनवर लिहिलं होतं, सरकारी पेन्शन. डेडलाईनवर, अंतिम तारीख, आणि पाच एप्रिलखाली दोन रेघा. कॉन्ट्रिब्युशनवर, अंशदान. वर्गणी नाही, अंशदान. माझ्यापेक्षा चांगला शब्द त्याला सापडला होता. आणि व्हॉलंटरीवर लिहिलं होतं: ऐच्छिक. सक्ती नाही.

मी पलंगावर बसले. वहिनींनी विचारलं, गुडघे दुखतात का? हो म्हटलं.

भवन चांगलं झालं आहे, नाही कशाला म्हणू. झेंडूची तोरणं, नव्या रंगाचा वास, आणि दारातून आत गेलं की उजव्या भिंतीवर काळी फरशी, पांढऱ्या अक्षरांची. सर्वांत वर, मोठ्या अक्षरात: स्व. अनसूयाबाई डोंगरे यांच्या स्मरणार्थ, श्रीकांत डोंगरे परिवार, रु. १,४०,००१.

भाऊ मला बघून लगबगीनं आला. नवं जाकीट घातलं होतं, डोळे भरून आले होते, आणि ते खोटं नव्हतं. तेच मला सर्वांत जास्त लागलं.

"पाह्य, विजू, आईचं नाव लागलं," तो म्हणाला. "अन् परिवार म्हटल्यावर तूबी आलीच त्याच्यात."

मी पर्समधून पत्र काढलं आणि त्याच्यासमोर उघडं धरलं. त्यानं ते वाचलं नाही. स्वतःचं अक्षर ओळखायला वाचावं लागत नाही. मंडपातून कोणीतरी सचिवसाहेब, सचिवसाहेब म्हणून हाका मारत होतं.

"एकटा जीव तुझा," भाऊ हळू म्हणाला. "तुले किती लागते? अन् आम्ही हावोतच की."

हे बोलणाऱ्या माणसाच्या खात्यात दर महिन्याला पेन्शन जमा होते, आणि एखाद्या महिन्यात दोन दिवस उशीर झाला तर तो बँकेत जाऊन भांडतो. सात वर्षं त्याच्या आईचं सगळं मी केलं. मी हे सगळं बोलणार होते, बसमध्ये जुळवूनही ठेवलं असतं, पण पत्र तर आत्ता तासाभरापूर्वी मिळालं होतं. मी हात पुढे केला आणि त्याच्या खिशातली पेन्सिल काढून घेतली.

काळ्या फरशीवर पेन्सिल उमटत नाही, पण पांढऱ्या अक्षरांवर उमटते. परिवार हा शब्द मोठा होता, त्याच्या अंगावर दोन ओळी सहज मावल्या. चपलांच्या ढिगाजवळ उभी असलेली माणसं बघायला लागली. वहिनीही येऊन मागे थांबल्या.

"विजू, काय करून राहिली तू?"

"अर्थ लिहून राहिली, भाऊ."

ऐच्छिक. सक्ती नाही. मी पेन्सिल त्याच्या खिशात परत ठेवली आणि सौसरची बस पकडायला निघाले.