सदस्य ख्रिस्त यांची हजेरी

अमेरिकेतल्या क्लॅबर फोर्क गावच्या नगरपरिषदेवर प्रभू येशू ख्रिस्ताची नेमणूक चार विरुद्ध शून्य मतांनी झाली. वर आलेले चारही हात वर्लीन स्टबलफील्डने स्वतः मोजले, कारण मोजणं आणि मांडून ठेवणं हेच तिचं काम होतं. सव्वीस वर्षं ती गावची कारकून होती. प्रोसिडिंगमध्ये तिने कधी खोटं लिहिलं नव्हतं, आणि या गावात ते सोपं नव्हतं.

झालं असं की पाचव्या खुर्चीवरचा म्हातारा सदस्य मुलीकडे अ‍ॅरिझोनाला कायमचा राहायला गेला आणि सात महिने त्या जागेसाठी एकही अर्ज आला नाही. वर्लीनने पेट्रोल पंपावर नोटीस लावली, तर कुणीतरी तिच्यावर हरवलेल्या कुत्र्याचं वर्णन लिहून गेलं. तेवढ्यात मेयर ड्वेन क्रॅब्ट्री राजधानीत तीन दिवसांच्या मेळाव्याला जाऊन आला. गेला तेव्हा तो गॅसच्या टाक्या विकणारा साधा माणूस होता. आला तो डोक्यावर क्रूस आणि गरुड असलेली टोपी घालून, आणि देश पुन्हा ख्रिस्ताच्या ताब्यात द्यायचा म्हणत. देश जरा मोठा पडत होता, म्हणून त्याने क्लॅबर फोर्कपासून सुरुवात केली.

"खुर्ची रिकामी कशाला ठेवायची?" तो सभेत म्हणाला. "ज्याची आहे त्याला द्या की!"

सदस्य वेंडेल स्प्रेग हा मेथडिस्ट पंथाचा, शाळेची बस चालवून निवृत्त झालेला. तो चाचरत म्हणाला, "राज्यघटनेत काही आडवं येत नाही ना?"

"म्हणजे तुझा विरोध आहे, वेंडेल?" ब्युटी पार्लरवाली ग्लेंडा हॅचर त्याच्याकडे वळली. "येशूला?"

वेंडेलचा हात वर गेला. एस्टेला बॅरिएन्टोसने छातीवर क्रूस काढला आणि त्याच हाताने मत दिलं. लाँड्री चालवणाऱ्या बाईला गिऱ्हाइकं सगळ्याच चर्चची लागतात.

पुढचं सगळं निस्तरायला वर्लीन होतीच. तिने चाळीस मैलांवरच्या वकिलाला फोन केला. तो म्हणाला, "वर्लीन, तू हा फोन केला नाहीस आणि मी उचलला नाही." मग ती नेमणुकीचा फॉर्म भरायला बसली. जन्मतारखेवर बाप्टिस्ट आणि मेथडिस्ट यांचं एकमत होईना. पत्ता म्हणून ड्वेनने "सर्वत्र" सांगितलं, पण कॉम्प्युटर पिनकोड मागत राहिला. उमेदवाराचं गावात सलग एक वर्ष वास्तव्य असावं अशीही अट होती. दफनभूमीच्या कुंपणाच्या भांडणात गेल्या वर्षी गावकरी एकमेकांशी कसे वागले ते वर्लीनने पाहिलं होतं. या वास्तव्याबद्दल तिला प्रामाणिक शंका होती.

"ड्वेन, शपथ कोण घेणार?" तिने विचारलं. ड्वेन लहानपणी चर्चमधल्या तिच्या रविवारच्या वर्गात होता, म्हणून ती त्याला एकेरीतच बोलायची. "शपथच घेऊ नका असं त्यांनी शिकवलंय. मीच तुला शिकवलं होतं."

"मिस वर्लीन, तुम्ही फार कीस काढता बघा," ड्वेन म्हणाला आणि प्रभूच्या वतीने त्यानेच हात वर केला.

वर्लीन काही नास्तिक नव्हती. तिचा बाप बाप्टिस्ट पाद्री होता, जुन्या वळणाचा. परवान्याशिवाय प्रवचन केलं म्हणून व्हर्जिनियात बाप्टिस्टांना तुरुंगात टाकलं होतं, ही अडीचशे वर्षांपूर्वीची गोष्ट तो अशा रागाने सांगायचा की जणू त्याचा सख्खा काकाच आत होता. "सरकारचा हात पाद्र्याच्या खांद्यावर प्रेमानेच पडतो," तो म्हणायचा, "पण तिथून गळा वीतभरच लांब असतो." आता गावात कुणी असं बोललं असतं तर वाट चुकलेला म्हणून त्याला चर्चमधल्या प्रार्थनेच्या यादीत टाकलं असतं. वर्लीनला बापाची आठवण येई आणि आपण गप्प बसलो याची लाज वाटे.

पाचव्या खुर्चीला कातडी गादी आली. पुढे माईक आणि नावाची पितळी पाटी आली. पार्किंगमध्ये दारालगतची जागा राखून ठेवली. ग्लेंडाने एकदा विसरून तिथे आपली गाडी लावली आणि नंतर आठवडाभर रडली. दर सभेला ती प्रभूसाठी गोड चहाचा बर्फ घातलेला ग्लास आणून ठेवायची. दुसऱ्या सभेत रस्त्यांच्या खड्ड्यांवर बोलता बोलता वेंडेलने तो पिऊन टाकला. ते लक्षात आल्यावर त्याचा चेहरा असा झाला की एस्टेलाला खोकला काढून हसू लपवावं लागलं.

हजेरीचा प्रश्न मात्र हसण्यावारी नेता येईना. प्रत्येक सभेला नावं पुकारायची, उत्तर ऐकायचं आणि लिहायचं, असा नियम. वर्लीन "सदस्य ख्रिस्त" म्हणायची, खोली गप्प व्हायची आणि ड्वेन खणखणीत आवाजात सांगायचा, "हजर!" वर्लीनने दोन्ही वेळा लिहिलं, "मेयर यांच्या सांगण्यानुसार हजर." त्यापलीकडे तिचं पेन जाईना.

जानेवारीतली सभा मंगळवारी संध्याकाळीच होती, आणि तीत मंगळवारच्या जेवणाचा विषय आला.

नगर कार्यालयाच्या मागच्या हॉलमध्ये दर मंगळवारी संध्याकाळी येईल त्याला जेवण मिळायचं. बीन्स, मक्याचा ब्रेड, कधी कोबी. मेथडिस्ट बायका रांधायच्या, सभा नसेल तेव्हा एस्टेला वाढायची, आणि वर्लीन दुपारीच ब्रेड भाजून ठेवायची. हायवेवरच्या मोटेलमधली बिऱ्हाडं यायची, गाडीत झोपणारी माणसं यायची. आणि लॉनी यायचा. लॉनी वर्लीनचा धाकटा भाऊ. तेलविहिरीवर पाठ मोडली तेव्हापासून बेकार. बहिणीच्या घरी तो घास खात नसे. "तुझ्याकडे जेवलो की मी भिकारी. तिथं रांगेत उभा राहिलो की मी गावकरी," असं त्याचं गणित. तिने डबा पाठवला तर तो कुत्र्याला घालायचा. आठवड्यातून एकदा तरी तो भाऊ पोटभर जेवलेला तिला दिसायचा, तो मंगळवारी.

"गावात एक मोठं बर्गरचं दुकान येऊ बघतंय," ड्वेन सभेत म्हणाला. "त्यांचा माणूस पाहणी करून गेला. म्हणाला, ही रांग बरी दिसत नाही. माझा प्रस्ताव आहे, हॉलमधलं जेवण बंद करावं. काम करत नाही त्याने खाऊ नये, हे आपल्या प्रभूचंच वचन आहे."

"ते प्रेषित पौलाचं आहे," वर्लीन मान वर न करता म्हणाली.

"एकच घर ना ते!"

मतं घेतली. ड्वेन आणि ग्लेंडा बाजूने, एस्टेला आणि वेंडेल विरुद्ध. दोन-दोन. हॉलकडच्या दारामागून ताटांचा आवाज येत होता, बीन्सचा वास येत होता. समोर घडीच्या खुर्च्यांवर बसलेली पंधरा-वीस माणसं एकाच वेळी पाचव्या खुर्चीकडे बघू लागली.

"सदस्य ख्रिस्त," वर्लीनने नाव पुकारलं. "प्रस्तावावर आपलं मत?"

ड्वेनने हात लांब करून माईक चालू केला. माईक घुं घुं करत राहिला. ग्लेंडाने डोळे मिटले. वेंडेलने यावेळी चहाच्या ग्लासापासून हात दूर ठेवले होते. मिनिट गेलं, दुसरं गेलं. मागच्या रांगेत कुणाचं तरी पोट गुरगुरलं आणि दोन बायका दचकून उभ्या राहिल्या.

"बास," ड्वेन म्हणाला आणि नियमांचं पुस्तक उघडून त्याने बोट ठेवलं. "कलम अकरा. हजर असलेला सदस्य काही बोलला नाही, तर त्याचं मत 'होय' धरावं."

कलम खरं होतं. फार पूर्वी एक सदस्य सभेत घोरायचा, त्याच्यासाठी ते केलेलं. एस्टेला टेबलावर झुकली. "लाज वाटू दे, ड्वेन! येशूच्या तोंडून भुकेल्यांना हाकलतोस?"

"मी कुठे? ते हजर आहेत, ते गप्प आहेत, हिशेब सरळ आहे. तीन विरुद्ध दोन. लिहा, मिस वर्लीन." मग त्याने आवाज खाली आणला. "का ते हजर नाहीत म्हणता? तसं वाटत असेल तर गैरहजर लिहा. फक्त सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणा. रविवारी पोरांना शिकवायचंय तुम्हाला."

इकडे आड तिकडे विहीर. हजर लिहावं तर लॉनी आणि त्याच्यासारखे चाळीस जण उपाशी, आणि तेही प्रभूच्या मताने. गैरहजर लिहावं तर सहा वर्षांची असल्यापासून जिच्यावर ती जगली ती गोष्टच भर सभेत नाकारायची. तिला नरकाची भीती वाटली, आणि खरं सांगायचं तर ग्लेंडाच्या पार्लरमधल्या कुजबुजीचीही तेवढीच वाटली.

"शिवाय तुमचा भाऊ तिथं जेवतो," ग्लेंडा म्हणाली. "तुमचा स्वतःचा हितसंबंध आहे यात."

वर्लीनने पेन खाली ठेवलं.

"आहे," ती म्हणाली. "पण मला मत नाही, म्हणून चालतं. ज्याला मत आहे त्याचं काय होतं, ग्लेंडा? तुझ्या दिराच्या खडीच्या कंत्राटाचा विषय आला होता तेव्हा तू काय केलं होतंस?"

"बाहेर गेले होते. मतदान होईपर्यंत पार्किंगमध्ये उभी होते. थंडीत!"

"का गेलीस?"

"तुम्हीच घालवलंत. कलम चौदा. ज्याचा फायदा असेल त्याने खोलीबाहेर जायचं."

"तेच." वर्लीन उभी राहिली. आवाज आता रविवारच्या वर्गातला होता. "ड्वेन, तू नऊ वर्षांचा असताना मी तुझ्याकडून पाठ करून घेतलं होतं. शेवटच्या न्यायाच्या दिवशी राजा, म्हणजे आपला प्रभू, लोकांना काय म्हणतो? त्यांनी भुकेल्याला खायला घातलं, ते खरं तर कुणाला घातलं?"

ड्वेनने टोपीची कड खाली ओढली.

"पाठ आहे तुला. बक्षीस मिळालं होतं."

"मला घातलं," ड्वेन हळूच म्हणाला. "असं तो म्हणतो. राजा."

"म्हणजे त्या हॉलमध्ये जेवतं कोण, हे सदस्य ख्रिस्त यांनी स्वतःच सांगून ठेवलंय. लेखी. त्यांचा फायदा उघड आहे. त्यांना या विषयावर मत देता येत नाही, आणि गप्प राहूनही देता येत नाही. कलम चौदाप्रमाणे सदस्य ख्रिस्त यांनी मतदानापुरतं बाहेर जावं."

ड्वेनने पुस्तक उलटंपालटं केलं. वेंडेल म्हणाला, "बाई बरोबर बोलतायत," आणि स्वतःच्याच धाडसाने लाल झाला.

"बाहेर म्हणजे... कसं?" ग्लेंडाने विचारलं.

"दार उघडलं की झालं," एस्टेला म्हणाली आणि तिने उठून हॉलकडचं दार सताड उघडलं.

मग सगळे थांबले. किती वेळ थांबायचं ते कुणालाच ठाऊक नव्हतं, पण घाई करणं बरं दिसलं नसतं. पाचव्या खुर्चीपासून दारापर्यंतच्या वाटेत ड्वेनचे बुटातले पाय पसरलेले होते. त्याने ते हळूच आत ओढून घेतले. त्याच्या लक्षातही आलं नाही. ग्लेंडाने मान खाली घातली. वर्लीनने भिंतीवरचं घड्याळ पाहून वेळ लिहिली.

पलीकडे लांब टेबलांवर माणसं जेवत होती. लॉनी ब्रेडच्या तुकड्याने ताट पुसत होता. सगळी नगरपरिषद आपल्याकडे टक लावून बघतेय हे पाहून तो ओरडला, "कुणी यायचंय का? लवकर या म्हणावं, बीन्स संपत आल्यात!"

वर्लीनला एकदम रडू आलं, ते तिने बाहीला पुसून टाकलं. नावं पुन्हा पुकारली. दोन विरुद्ध दोन. समसमान मतांनी प्रस्ताव फेटाळला गेला.

ड्वेनने टोपी काढून डोकं खाजवलं. "ठीक आहे. पुढचा विषय, गटारं. बोलवा आता त्यांना परत."

वर्लीनने दाराकडे पाहिलं. मग खुर्चीकडे. ग्लासातला बर्फ वितळला होता.

"आले का?" तिने विचारलं.

"आले," ड्वेन म्हणाला, पण "हजर!" म्हणताना असायचा तो खणखणीतपणा त्यात नव्हता.

"तू पाहिलंस?"

ड्वेन दाराकडे बघत राहिला. आत कुणीतरी लॉनीच्या ताटात वाढत होतं. तो ग्लेंडाकडे वळला. ग्लेंडाने नकारार्थी मान हलवली आणि डोळे टिपले. वेंडेल छताकडे बघत होता. एस्टेला दार लावायला उठली नाही, आणि लाव असंही तिला कुणी म्हणालं नाही.

त्या सभेचं इतिवृत्त पुढच्या महिन्यात चार विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झालं. त्यात वर्लीनच्या सरळ, सुवाच्य अक्षरात ती नोंद आहे: "सदस्य ख्रिस्त हितसंबंधामुळे सात वाजून बारा मिनिटांनी सभागृहाबाहेर जेवणाच्या हॉलकडे गेले. परत आले नाहीत."