चौकोन

आईच्या टीव्हीवर पहिल्यांदा चौकोन आले तेव्हा दातवाल्याला वाटलं, टीव्हीचं वय झालं. आईला वाटलं, आपली नजर गेली. चुकले दोघंही, पण आपापल्या चुकीला ते आठवडाभर नेटाने धरून राहिले. ती सारखी चष्मा पुसत होती आणि हा टीव्हीच्या पाठीत थापट्या मारत होता. चित्र चांगलं चाललेलं असायचं आणि मधेच बाईचं नाक एकीकडे, डोळा दुसरीकडे, सगळ्या पडद्यावर रंगीत चौकोनांचा सडा. आवाजही तुकड्यातुकड्यांनी यायचा. मग जिन्यात एक कागद लागला. समोरच्या गच्चीवर मोबाइलचा नवा टॉवर उभा राहिला होता, आणि त्यामुळे कुणाच्या घरी अँटेनाच्या टीव्हीला त्रास होत असेल तर या नंबरावर कळवावं, आमचा माणूस येईल, असं कंपनीने मोठ्या अदबीने लिहिलं होतं.

दातवाल्याने लगेच फोन लावला. आपल्याच पायावर धोंडा पाडून घ्यायची माणसाला कोण घाई असते!

दातवाला म्हणजे कवळ्या करणारा. दवाखान्यात डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घ्यायचे, ते डबीतून याच्याकडे यायचं, आणि हा मागच्या खोलीत बसून प्लॅस्टरचा जबडा ओतायचा, मेणात एकेक दात बसवायचा, घासायचा, चकाकवायचा. आसपासचे निम्मे म्हातारे याच्या दातांनी हसत होते. हा स्वतः मात्र हसण्याच्या बाबतीत कंजूष. वय पंचेचाळीसच्या पुढे गेलेलं, लग्न राहून गेलेलं. आधी वडील आजारी, मग वडील गेले, मग आई एकटी पडली, आणि मग आईचा न्हाणीघरात पाय घसरला. हाड जुळलं, भीती काही गेली नाही. दिवसा ती खुशाल एकटी राहायची, पण दिवेलागणीनंतर तिला घरात माणूस लागायचं. हा जिन्यात जाऊन उभा राहिला तरी आतून हाक यायची, "सोन्या!" दुसरी हाक पहिलीपेक्षा मोठी असायची, आणि तिसऱ्या हाकेला शेजारची दारं उघडायची. शेजारी मग याच्याकडे अशा नजरेने बघायचे, जणू हा म्हातारीला टाकून परागंदाच व्हायला निघालाय.

त्यामुळे संध्याकाळची एक सिरीयल हीच काय ती त्याची मोकळी हवा. सिरीयल लागली की आई बाहेरच्या खोलीत तिच्यात बुडून जायची, आणि हा मागच्या खोलीत दिवा बारीक करून फोनवर बोलायचा. बोलायचा दवाखान्याच्या रिसेप्शनवरच्या बाईंशी. वर्षानुवर्षं काउंटरवरून डब्यांची देवघेव करताना दोघांचं बोलणं "वरची एक, खालच्या दोन" याच्यापुढे गेलं नव्हतं. शेजारी डॉक्टर, समोर गाल धरून बसलेले पेशंट. तिथे कोण काय बोलणार? मग एकदा एका कवळीच्या तक्रारीसाठी बाईंनी संध्याकाळी त्याला फोन केला, आणि तक्रार संपल्यावरही फोन कुणीच ठेवला नाही. तेव्हापासून हे चाललं होतं. अजून "अहो-जाहो"च होतं, पण त्या "अहो"मध्ये इतकी माया होती की हा गडी बसल्या जागी ओशाळा व्हायचा.

अशात कंपनीचा माणूस आला. त्याने अँटेनाच्या वायरीला एक छोटी डबी जोडली आणि टॉवरचे चौकोन गेले. आईने त्याला चहा पाजला. चहा पिता पिता तो म्हणाला, "आता टॉवरचा त्रास नाही. पण तुमचा अँटेना घरात, कपाटावर. कपाटामागे ही खोली. या खोलीतून कुणी फोन केला, की चित्र फुटणार. घरातला फोन जवळ पडतो ना."

"म्हणजे ह्याने आत फोन लावला की मला इथे चौकोन?" आईने विचारलं.

"अगदी बरोबर, आजी. फोन वाजायच्या आधीच दिसतील. मी असं करतो, पुढच्या शुक्रवारी येऊन गच्चीवर अँटेना बसवून देतो. मग कितीही बोला."

"बरं बरं," आई म्हणाली, आणि तिने कपाटाकडे एकदा नीट पाहून घेतलं.

त्या संध्याकाळी दातवाला आत "हॅलो" म्हणतो न म्हणतो तोच बाहेरून आवाज आला, "चौकोन आले रे! कोण आहे?"

"डॉक्टर आहेत," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी राँग नंबर होता. तिसऱ्या दिवशी पुन्हा डॉक्टर. "राँग नंबरवाला बराच गप्पिष्ट निघाला काल," आई जेवताना म्हणाली आणि ताटातून मान वर केली नाही. त्याने बोलणं बंद करून मेसेज सुरू केले, तर मेसेजलाही पडदा एकदा थरथरायचा. "छोटा आला," आई बाहेरून वर्दी द्यायची. थोड्या वेळाने, "तू पाठवलास वाटतं." पोलिसांकडे नसेल असली यंत्रणा घरच्या कपाटावर बसली होती, आणि ती त्याने स्वतः फोन करून मागवली होती. तो मागच्या खोलीत फोन हातात धरून नुसता बसून राहू लागला. समोर फळीवर प्लॅस्टरचे जबडे मांडलेले. रात्री अंथरुणावर पडलं की त्याला घुसमटल्यासारखं व्हायचं, उठून खिडकी उघडावीशी वाटायची, आणि खिडकी तर उघडीच असायची.

आणि नेमकी हीच वेळ बोलण्याची होती. बाईंना दुसऱ्या शहरातल्या मोठ्या इस्पितळात नोकरी मिळाली होती. तिथल्या दातांच्या प्रयोगशाळेला हात चांगला असलेला माणूस हवा होता. बाईंनी त्याच्यासाठी शब्द टाकून ठेवला होता, तळमजल्यावरच्या दोन खोल्याही बघून ठेवल्या होत्या, आईला जिना चढायला नको म्हणून. जायच्या आदल्या दिवशी काउंटरवर डबी पुढे सरकवत त्या हळूच म्हणाल्या, "काय ठरवलंत?"

मागे डॉक्टर कुणाची तरी दाढ उपटत होते. दातवाल्याने डबी उचलली. "फोनवर सांगतो," तो पुटपुटला.

"फोनवर तर हल्ली तुम्ही डॉक्टर म्हणून हाक मारता मला," त्या म्हणाल्या. हसल्या, पण डोळे हसले नाहीत. "उद्या शुक्रवारी संध्याकाळी, पोचले की मीच करीन. हो म्हणा नाहीतर नाही म्हणा, पण काहीतरी म्हणा. परत परत नाही विचारणार मी. मलाही लाज आहे."

त्याला हो म्हणायचं होतं. इतकं हवंहवंसं त्याला आयुष्यात दुसरं काही वाटलं नव्हतं. शुक्रवारी गच्चीवर अँटेना लागेल, संध्याकाळी चित्र हलणार नाही, आणि आपण आत बसून पोटभर बोलू, मग सवडीने आईला समजावू, असा त्याने बेत केला. आयुष्यभर त्याचे सगळे बेत असेच कुणाच्या तरी पाठीमागे केलेले असायचे.

शुक्रवारी दुपारी तो कवळ्या पोचवून परतला, तर जिन्यात कंपनीचा माणूस खांद्यावर अँटेना घेऊन खाली उतरताना दिसला.

"झालं काम?" याने विचारलं.

"कसलं काम? आजींनी नको सांगितलं. चित्र छान दिसतं म्हणाल्या. सहीसुद्धा केली."

तो वर आला तेव्हा आई शेंगा सोलत बसली होती.

"माणसाला परत का पाठवलंस?"

"उगाच गच्चीवर भोकं कशाला पाडायची?"

"चौकोन येतात ना पण!"

"तेवढे चालतात मला," आई म्हणाली.

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिला सगळं माहीत होतं. इतके दिवस ती सिरीयल बघतच नव्हती, ती चौकोनांची वाट बघत होती. ओरडावं, शेंगांची परात उलथून टाकावी, असं त्याला वाटलं. पण तीच ती शेंग ती तिसऱ्यांदा सोलत होती, हेही त्याला दिसलं, आणि तो मुकाट्याने आत गेला. संध्याकाळपर्यंत तो एकच ठरवत राहिला. आता लपायचं कशाला? आज तिच्यासमोर बसून बोलायचं. हो म्हणायचं, आणि चांगलं मोठ्याने म्हणायचं.

सिरीयल लागली तसा तो बाहेर आला आणि आईशेजारी स्टूल ओढून बसला. फोन मांडीवर ठेवला. आईने त्याच्याकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं, आणि पुन्हा टीव्हीकडे तोंड केलं. सिरीयलमध्ये कोर्ट भरलं होतं. साक्षीदार बाई पिंजऱ्यात उभी होती आणि घरात विष कुणी कालवलं त्याचं नाव आता सांगणार होती. आई थोडी पुढे सरकली.

बाईने तोंड उघडलं आणि तिचं तोंड फुटून चार ठिकाणी गेलं. पडदाभर चौकोन. एक क्षण खोलीत नुसतीच खरखर झाली आणि मग फोन वाजला.

"घेऊ नकोस असं मी म्हणत नाही," आई पडद्याकडे बघतच म्हणाली. "चित्र तेवढं जातं."

त्याने फोन घेतला.

"पोचले हो," बाईंचा आवाज आला, दमलेला आणि आनंदी. "खोल्या बघून आले परत. खिडकीतून झाडं दिसतात. बोला."

समोर चौकोन नाचत होते. लाल, हिरवे, मधेच कुणाचा तरी अर्धा कान. आईने डोळ्यांची पापणी हलवली नाही. एका हाताने रिमोट घट्ट धरला होता, दुसरा हात दुखऱ्या मांडीवर होता. कधी नव्हे ती त्याला ती फार लहान दिसली. हो हा एक शब्द. तो त्याच्या जिभेवर आला होता, दातांपर्यंत आला होता. आणि अख्ख्या शहराचे जबडे चालते करणाऱ्या या माणसाची दातखीळ बसली.

"अहो?" बाई म्हणाल्या. "ऐकू येतंय ना?"

"येतंय."

"मग?"

"आत्ता जरा," तो म्हणाला, "आईची सिरीयल चालू आहे."

बाई रागावल्या असत्या तर त्याने काहीतरी बाजू मांडली असती, रडल्या असत्या तर कदाचित उठून उभाही राहिला असता.

"बरं," त्या हळू म्हणाल्या. "बघा मग." आणि फोन बंद झाला.

चौकोन एकेक करत जागेवर बसले. नाक नाकाच्या ठिकाणी आलं, डोळे डोळ्यांच्या. साक्षीदार बाई पिंजऱ्यातून खाली उतरून चालू लागली होती आणि कोर्टात गलका माजला होता. चित्र इतकं स्वच्छ होतं की तिच्या गालावरचा घाम दिसत होता.

"मधे काय झालं रे?" आईने विचारलं. "सांगितलं का तिने?"

"नाही," दातवाला म्हणाला. "काही झालं नाही."