आल्विनेच्या आईची रेघ

"प्रत्येकीच्या हाताची रेघ वेगळी असते, साहेब," आल्विने म्हणाली, आणि आपण काय बोलून बसलो हे तिला पुढची दहा मिनिटं कळलं नाही.

राखाडी कोटातला तो माणूस सकाळी आठलाच दफनभूमीच्या कचेरीत येऊन बसला होता. दिसायला साधा, बोलायला गोड. व्यवस्थापक ओस्वाल्ड्सने त्याला स्वतःची खुर्ची दिली होती आणि स्वतः खिडकीपाशी उभा होता, यावरूनच तो गुप्त पोलिसांच्या खात्याचा हे ओळखायला हवं होतं. पण आल्विनेचा जीव कौतुकाला भुकेला. बावीस वर्षं ती इथे कबरींभोवतीची वाळू दाताळ्याने ओढत आली होती आणि बावीस वर्षांत एकाही साहेबाने तिच्या कामाबद्दल चकार शब्द विचारला नव्हता. हा विचारत होता, आणि वर मान डोलावत होता.

"वेगळी म्हणजे? अक्षरासारखी?"

"अक्षर बदलता येतं. हे नाही बदलता येत. कुणी लाटा काढतं, कुणी चौकड्या. आईकडून लेकीकडे जातं ते. आमच्या गावात नुसती वाळू बघून सांगतील, कुठल्या घरची बाई येऊन गेली."

"आणि पायांचे ठसे?"

"ते ठेवायचे नसतात. मागे सरकत सरकत ओढत यायचं, म्हणजे आपलं पाऊल आपणच पुसत जातो. ठसा राहिला तर लोक नावं ठेवतात."

"वा," तो म्हणाला. "आम्ही शहरात वाढलेली माणसं, आम्हाला कुठलं हे ठाऊक. चला बाई, एक रेघ दाखवतो तुम्हाला."

रीगातली ही दफनभूमी म्हणजे नामवंतांची वस्ती. उंच पाइनच्या झाडांखाली चित्रकार, नट्या, शब्दकोश रचणारे प्राध्यापक, चालण्याच्या शर्यतीत पदक आणलेला एक लांबटांग्या खेळाडू, सगळे ओळीने झोपलेले. हयातीत यांच्यापैकी एकानेही आल्विनेला दारात उभं केलं नसतं, पण आता सगळे तिचेच होते. नटीबाईंच्या वाळूत बर्चचं एक पान पडलं की ती म्हणायची, "झालं, आता बसा रुसून." खेळाडूच्या कबरीला ती शेवटी जायची, कारण तो कुठे पळून जाणार नव्हता. सगळ्यांना तिने सरकारी सरळ रेघा दिल्या होत्या, लहानमोठं न करता.

एक सोडून. कुंपणाकडच्या कोपऱ्यात परकी सत्ता येण्याआधीच्या जुन्या स्वतंत्र राज्यातल्या एका मंत्र्याची कबर होती. ते राज्य बुडून चाळीस वर्षं होऊन गेली होती, तरी त्याचा स्थापनेचा दिवस, अठरा नोव्हेंबर, अजून सरकारच्या डोळ्यांत सलत होता. त्या कबरीला हात लावायचा नाही, असा तोंडी हुकूम होता. आल्विने बावीस वर्षं तिच्यासमोरून मान खाली घालून जात होती.

काल अठरा तारीख होती. आज त्या कबरीवरचं गवत उपटलेलं होतं, चौथऱ्यावर विझलेल्या सात मेणबत्त्या होत्या, आणि भोवतीच्या ओल्या वाळूवर माशाच्या काट्यासारख्या रेघा होत्या, दोन्ही बाजूंनी मधल्या कण्याला येऊन भिडणाऱ्या. अखेरच्या कोपऱ्यात दाताळं उचलताना मनगट फिरवल्यावर उमटतं तसं अर्धं वळण होतं.

आल्विनेने ती पाहताक्षणी ओळखली. ही रेघ तिच्या आईची. जगात तिघींच्याच हाताला ती येत होती. आई गावच्या मातीत झोपून अकरा वर्षं झाली होती. दुसरी आल्विने. आणि तिसरी तिची मुलगी सार्मीते, संगीत विद्यालयात शेवटच्या वर्षाला असलेली, जिचा आवाज ऐकून प्राध्यापक डोळे मिटून घेत.

"कुणाची असेल?" त्याने विचारलं.

"ओळखू येत नाही, साहेब."

"आत्ताच म्हणालात ना, नुसती वाळू बघून सांगतात?"

"ते गावात. इथे कोण कुठलं. आणि डोळेही अधू झालेत आता."

तो हसला. खिशातून छोटा कॅमेरा काढून त्याने वाळूचे चार फोटो घेतले, कोपऱ्यातल्या वळणाचा तर अगदी वाकून. "काही हरकत नाही. उद्या सकाळी तुमच्या सगळ्या माणसांकडून एकेक पट्टा ओढून घेऊ. नाही जुळलं तर विद्यार्थी आहेत. काल संध्याकाळी संगीत विद्यालयाची काही पोरं या बाजूला दिसली होती म्हणे. त्यांच्याही हातात दाताळं देऊ. कल्पना तुमचीच आहे बाई, आणि नामी आहे."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तो गेल्यावर आल्विने अवजारांच्या खोलीत जाऊन बसली आणि तिने स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. कोण विचारत होतं तुला, कोण? बावीस वर्षं गप्प राहिलीस आणि बोललीस ती पोटच्या पोरीचा गळा कापायला.

दुपारी तिने सार्मीतेच्या वसतिगृहात निरोप धाडला. पोरगी आली तेव्हा आल्विने करडे वाटाणे आणि चरबीचे तुकडे परतत होती. स्वयंपाकघर चार बिऱ्हाडांत मिळून एक होतं आणि शेजारच्या बाईचे कान तिखट होते, म्हणून आल्विनेने नळ सोडून ठेवला.

"दाताळं कुठून घेतलंस?"

सार्मीतेने काही नाकारलं नाही. "तुझ्याच खोलीतून. किल्ली तू फुलांच्या टोपलीत ठेवतेस."

"का केलंस?"

"तूच सांग ना. उन्हाळ्यात विचारलं होतं मी. सगळ्यांची वाळू ओढतेस, याच एकाची का नाही? तर म्हणालीस, पोटासाठी. मला लाज वाटली, आई. तुझी नाही. तुझ्या पगारावर शिकते, त्या माझी."

"मग सरळ रेघा ओढायच्या होत्यास गाढवे. आजीची कशाला काढलीस?"

"मला तेवढीच येते," सार्मीते म्हणाली. "तूच शिकवलीस."

आल्विनेने सगळं सांगितलं, स्वतःच्या बढाईसकट. सार्मीतेचा चेहरा पांढरा पडला. मग ती उठून कोट घालायला लागली. "मी जाते आणि सांगते. माझ्यामुळे तुम्हाला सगळ्यांना..."

"खाली बस. गाणं जाईल तुझं. नुसतं विद्यालयातून काढून थांबतील असं वाटतंय का तुला? तुझ्या मामाला नेलं होतं तेव्हा तो तुझ्याच वयाचा होता. आई रोज रस्त्याकडे बघायची. त्याची कबरसुद्धा नाही कुठे, रेघ ओढायला."

"मग काय करायचं?"

"तू काही करायचं नाहीस. दाताळं कसं धरतात तेही तुला ठाऊक नाही. वाटाणे खा, निवताहेत."

सार्मीते चमच्याने वाटाणे नुसते ढकलत होती. आल्विने तिच्याकडे बघत राहिली. तिला भीती वाटत होती, भयंकर वाटत होती, आणि त्या भीतीच्या तळाशी अभिमानही होता. त्याचा तिला रागच आला.

दुसऱ्या दिवशी मुख्य वाटेच्या कडेला वाळूचे सहा पट्टे आखले होते. थंडीने सगळ्यांच्या तोंडातून वाफ येत होती. पहिला नंबर कबरी खणणाऱ्या विलिसचा लागला. त्याने दाताळं फावड्यासारखं चालवलं आणि स्वतःच्याच कामाकडे मान तिरकी करून पाहिलं.

"कोंबडीने उकिरडा उकरलाय नुसता," ओस्वाल्ड्स पुटपुटला.

"मला खड्डे येतात साहेब," विलिस राखाडी कोटवाल्याला म्हणाला. "तुम्हाला लागला तर सांगा, मापात काढून देईन." कुणी हसलं नाही, पण दोघीतिघींनी रुमाल तोंडाला लावला.

आल्विनेची पाळी चौथी होती. सरळ रेघा ओढल्या असत्या तर ती सुटली असती. हात सवयीने तिकडेच चालला होता. पण ती सुटली की तो विद्यार्थ्यांकडे जाणार, आणि सार्मीतेला दुसरी रेघ येत नव्हती. तिने दाताळं उलट्या हातात घेतलं, जसं आई घ्यायची, आणि मागे सरकत काटा काढायला लागली. एक बाजू, दुसरी बाजू, मधे कणा. अकरा वर्षांत तिने ही रेघ फक्त आईच्या कबरीवर काढली होती. शेवटच्या कोपऱ्यात मनगट फिरवून तिने दाताळं उचललं. ओस्वाल्ड्सने टोपी काढून हातात घेतली आणि पुन्हा घातली.

राखाडी कोटवाल्याने फोटो शेजारी धरून पाहिला. "तुम्ही?"

"मी."

"बावीस वर्षं सरळ ओढता, आणि परवा अचानक?"

"म्हातारी झाले. एक कबर राहिली होती."

"ही रेघ आणखी कुणाला येते?"

"माझ्या आईला यायची. ती मेली."

"मुलगी आहे ना तुम्हाला?"

"ती गाणारी आहे साहेब. तिला घरात झाडूसुद्धा धरता येत नाही. लाडावलीय."

त्याने वही उघडली. त्याचा विश्वास बसला नव्हता, हे तिला दिसत होतं. पण त्याला कागदावर एक नाव हवं होतं आणि ते मिळालं होतं. "फोटो आमच्याकडे राहील," तो हळूच म्हणाला. "ही रेघ तुमची, असं मी लिहून घेतोय. उद्या ती दुसऱ्या कुणाच्या हातून उमटली, कुठेही, तर मी आज चुकलो असं होईल. मला चुकायला आवडत नाही."

चार दिवस तिला रोज बोलावून तेच तेच विचारलं. मग नोकरी गेली. बंदराकडच्या एका कारखान्यात माशांचे डबे धुण्याचं काम मिळालं. दिवसभर खारं पाणी, आणि थंडी संपेपर्यंत उजवं मनगट सुजून असं झालं की चमचा धरवेना. विलिस एकदा भेटायला आला. नटीबाई रुसल्यात, म्हणाला.

ऑगस्टमध्ये गावच्या दफनभूमीचा वार्षिक दिवस होता. दरसालसारखं सगळं गाव जमलं होतं, फुलं, पाण्याचे डबे, दाताळी घेऊन, आपापल्या माणसांची वाळू करायला. लोक येत-जात एकमेकांच्या कबरी बघत होते. फाटकाशी एक परका तरुण कॅमेरा घेऊन उभा होता. कुणाचा पाहुणा असेल, वर्तमानपत्राचा असेल. कोण जाणे.

आल्विने फुलं लावून उठेपर्यंत सार्मीतेने दाताळं उचललं होतं. आईचं मनगट तिने पाहिलं होतं, त्यामुळे तिने विचारलंही नाही. उलट्या हाताने, मागे सरकत, ती आजीच्या कबरीभोवती ओढू लागली. एक बाजू, दुसरी बाजू. काटा उमटत गेला. काय सुरेख हात होता पोरीचा, आजीपेक्षाही हलका. आल्विने दोन क्षण बघत राहिली.

मग तिची नजर फाटकाशी उभ्या कॅमेऱ्याकडे गेली आणि ती वाळूत उतरली. आयुष्यात पहिल्यांदा, बुटांसकट, ओढलेल्या वाळूत. पाय घासत घासत तिने काटा पुसून काढला, कणा पुसला, आणि कोपऱ्यात जाऊन उभी राहिली.

"सरळ ओढ," ती म्हणाली.

"आई, ही आजी आहे."

"सरळ. इथेही, आणि उद्या माझ्यावरही."

सार्मीतेच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पण तिने दाताळं सरळ धरलं. एक रेघ, दुसरी, तिसरी. शहरातल्या नामवंतांना मिळतात तशा रेघा ओढत ती आईपर्यंत आली. आल्विने बाहेर पडली. कोपऱ्यात तिच्या बुटांचे दोन ठसे खोल उमटले होते. सार्मीते ते पुसायला वाकली, तर आल्विनेने दाताळं धरलं.

"राहू दे."

शेजारच्या कबरीवरची म्हातारी मान उंचावून बघत होती. "आल्विने, पाय उमटलेत गं तुझे," ती म्हणाली.

"दिसतंय मला," आल्विने म्हणाली, आणि डाव्या हाताने डबा उचलून पाणी आणायला गेली.